सात बायांची आखणी

मयूरचा हात चांगला आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे मी त्याच्याबद्दल जे काही बोलेन ते जळफळाटातून बोलले असं कुणाला वाटायला नको. गणपतीचे डोळे आखावेत तर माझ्या या धाकट्या भावानेच. भुवई, पापणी, बुबुळ आणि बुबुळात पांढरा ठिपका, सगळं एका दमात. गिऱ्हाईक मूर्तीसमोर आपोआप हात जोडतं. पण गेल्या मे महिन्यात त्याने हा हात जिथे घातला तिथे घालायचं त्याला काही कारण नव्हतं. मी त्याला माफ केलेलं नाही आणि करणारही नाही.

आमचा मूर्तींचा कारखाना कल्याणजवळ मोहन्याला आहे. पत्र्याची लांब शेड, मागे आमचं घर आणि शेडच्या वर एक माळा. बाबांनी, म्हणजे नाथा मढवींनी, तो उभा केला आणि आपल्या नियमांवर चालवला. साच्यातून मूर्ती काढणं, घासणं, पांढरा हात मारणं, पीतांबर, शेला, दागिने, या सगळ्या कामांना बायका चालतात. माझी आई तुळसा लग्न होऊन आली त्या वर्षापासून रंग कालवतेय. फक्त डोळ्यांची आखणी बाईने करायची नाही. का, तर बायकांना अडचण असते. महिन्यातले उरलेले दिवस तरी करू द्या, असं मी एकदा विचारलं होतं. त्यावर बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते.

दुसरा नियम याहून वाईट. ज्याने डोळे आखले त्याच्या नावावर मूर्ती जाते. संध्याकाळी बाबा हात मागे बांधून रांगेतून फिरतात आणि एकेका मूर्तीपाशी थांबून विचारतात, "ही कोणाची?" उत्तर एकच असतं, आखणाऱ्याचं नाव. पूर्वी कारागीर म्हणायचे, "तुमची." आता बाबांचे हात थरथरतात, म्हणून म्हणतात, "मयूरची." मूर्ती कुणी घासली, शेल्याची जर कुणी काढली, रंग कुणी कालवला, हे कुणी विचारत नाही. मी बारावीत असताना एकदा आखणीचा ब्रश उचलला. बाबांनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि माझ्यादेखत मोडला. मयूरला तेव्हा धड नाक पुसता येत नव्हतं. पुढे त्याला मिसरूड फुटायच्या आत बाबांनी त्याच्या हातात नवा ब्रश दिला आणि पेढे वाटले.

मग माझं लग्न झालं. ठाण्याला खोपटच्या डेपोमागे सासर होतं. त्या लग्नातून मला एकच चांगली गोष्ट मिळाली, ती म्हणजे शेजारचा मुकुल. तो आणि त्याचे मित्र रविवारी मोठ्या टेबलावर टेकड्या आणि झाडं मांडून जुन्या काळातल्या लढाया खेळायचे. बोटाच्या दोन पेरांएवढे सैनिक, फासे आणि मोजपट्टी. हे सैनिक परदेशातून येतात, कोरणारा कोरतो आणि रंगवणारा रंगवतो, हे मला तिथे कळलं. मी त्याच्याकडचा एक तुटका रोमन सैनिक घरी नेला, त्याला नवा हात करून दिला आणि मुकुलला तो हात जुना की नवा हे ओळखता आलं नाही. लग्न मोडलं. मी मोहन्याला परत आले ती हे काम शिकूनच. माळ्यावर टेबल टाकलं आणि दाराला कुलूप लावलं.

बाबांना माझं काम म्हणजे भातुकली वाटायचं. "लग्न झालेली पोर परत आली नि भावल्या करत बसलीय," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे.

मागच्या हिवाळ्यात वेल्समधल्या ओवेन नावाच्या माणसाने मला सात बाया करायला सांगितल्या. दोन हजार वर्षांपूर्वी तिकडे केल्ट नावाच्या टोळ्या होत्या, रोमनांशी लढायच्या, त्यांच्यातल्या लढणाऱ्या बाया. चुन्याने ताठ केलेले केस, गळ्यात पिळाचं जाड कडं, अंगावर निळ्या रंगाचे पट्टे, चौकड्यांचे झगे. ओवेनची कंपनी म्हणजे तो आणि त्याची बहीण. त्यांच्याकडे दर उन्हाळ्यात एक मोठं प्रदर्शन भरतं आणि त्यात एक स्पर्धा असते: शिल्प आणि रंग दोन्ही एकाच हाताचं हवं. तो संच माझ्या नावाने तिथे ठेवणार होता आणि पुढे विक्रीच्या खोक्यावर छापणार होता, 'शिल्प आणि रंग: कल्पिता मढवी'. मला ते नाव हवं होतं. जन्मभर मी मयूरच्या मूर्तींचे पीतांबर रंगवले, आता कशावर तरी माझं नाव हवं होतं. यात लाजायचं काय आहे?

मी त्या बाया तारेच्या सांगाड्यावर पुटीने घडवल्या. तिची पिवळी आणि निळी पट्टी एकत्र मळली की हिरवी होते आणि मग तासाभरात ती घट्ट व्हायला लागते, तेवढ्यात जे करायचं ते करायचं. इंटरनेटवर अशा बाया ढिगाने मिळतात. कंबर बांगडीएवढी आणि अंगावर चिंध्या. त्या नेसून लढाईला गेली तर बाई सर्दीनेच मरायची. मी माझ्या बायांना पोटऱ्या दिल्या, खांदे दिले. सातवी सगळ्यांत थोराड, तिची मान आणि दंड आईचे. आई रंगाचं पिंप हलवताना जशी पाय रोवून उभी राहते तशी ती ढालीमागे उभी होती. आईला मी हे सांगितलं नाही.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये प्रफुल्ल म्हणून एक जण इमिटेशनचे झुमके ओततो. त्याच्या रबरी साच्यांत माझ्या बाया धातूत ओतून घ्यायचं ठरलं. साचा करताना रबर गरम करून दाबतात, त्यात मूळ पुटीची बाई चिरडून जाते. सातही गेल्या. ओवेनने पाठवायला सांगितलेला पहिला धातूचा संच तेवढा हातात आला. बरोबर थोडे जास्तीचे नग होते, ते प्रफुल्लकडेच ठेवले.

आता माझी चूक. जगभरात ही छोटी माणसं रंगवणारे लोक डोळे आधी करतात. चेहरा मोहरीएवढा, त्यात डोळा चुकला तर भोवतीच्या त्वचेच्या रंगाने झाकता येतो. मला हे पाठ होतं. पण माझा हात कारखान्यात वाढला. आमच्याकडे डोळे शेवटी. आधी मूर्ती सजवायची, पार शेवटच्या मण्यापर्यंत, आणि मग आखणी. मी सातही जणींचे केस केले, निळे पट्टे काढले, झग्याच्या चौकड्या एकेका केसाच्या ब्रशने ओढल्या आणि डोळ्यांच्या जागा कोऱ्या ठेवल्या. मोहन्यात वाढलेलीच एवढी मूर्ख असू शकते.

शुक्रवारी कुरिअरवाला येणार होता. मंगळवारी प्रफुल्लचा फोन आला की जास्तीच्या नगांतले दोन भाले आखूड ओतले गेलेत, येऊन बघून जा. मी माळ्याला कुलूप लावलं आणि किल्ली आईकडे दिली, कारण टाकीचा कॉक माळ्यावर आहे. भाले बघितले, प्रफुल्लशी भांडले, नवे ओतून घेतले. परत येताना कल्याणला रिक्षात बसले आणि फोन उघडला. मयूरने मला टॅग करून फोटो टाकला होता. माझ्या सात बाया, मागे झेंडूचा हार, खाली ओळ: 'मयूर आर्ट्सची नवी निर्मिती, सात रणरागिणी. आखणी: मयूर नाथा मढवी.' खाली हात जोडलेल्यांची आणि आग पेटल्याच्या चित्रांची रांग.

माळ्याचं दार उघडं होतं. मयूर माझ्याच खुर्चीवर बसून माझ्याच भिंगातून बघत होता.

"ताई, आलीस? बघ ना कसल्या भारी झाल्यात!"

मी बघितल्या. डोळे सुंदर होते. लांब, कमळाच्या पाकळीसारखे, पापणी अर्धी झुकलेली, बुबुळात पांढरा ठिपका. एवढ्याशा चेहऱ्यावर एवढी स्वच्छ रेघ मला माहीत असलेल्या कुणालाच जमली नसती. आणि त्या डोळ्यांत शांती होती. भाला उगारलाय, तोंड आ वासून किंचाळतेय, गळ्याच्या शिरा फुगल्यात, आणि डोळे म्हणतायत, बाळा, सुखी राहा. सातही जणी आशीर्वाद देत रोमनांवर धावून चालल्या होत्या.

वर हा मुलगा थांबला नव्हता. मूर्तीला मारतात तसा त्याने सगळ्यांवर वार्निशचा हात मारला होता. मी मुद्दाम कोरडे ठेवलेले झगे चिखलात लोळलेल्या म्हशीसारखे चकाकत होते. म्हणजे नुसते डोळे खरवडून नवे काढायचीही सोय राहिली नव्हती.

"कुणाला विचारून हात लावलास?"

"अगं, डोळेच नव्हते ना! मला वाटलं तुझं अडलंय. तुला कुठे जमतात डोळे? आखणी आपलं काम आहे, मी बोललो करून टाकू. तू पण ना, थँक्यू बोलायचं सोडून..."

"कुलूप कसं उघडलंस?"

"आईने दिली किल्ली."

आई जिन्यात उभी होती. हाताला निळा रंग होता, पदराला पुसत होती. "भावाला कसलं कुलूप गो?" ती म्हणाली. "तो बोलला, ताईला मदत करतो."

त्या क्षणी मला मयूरपेक्षा तिचा जास्त राग आला. मयूर आयुष्यभर घेतच आलाय, त्याला सवय आहे. पण ही, जिच्या हातून सगळे ब्रश गेले आणि एकही तिच्यासाठी थांबला नाही, हिने माझी किल्ली त्याला द्यावी?

रात्री जेवताना फोन वाजला. ओवेनचा निरोप होता. त्याने तो फोटो बघितला होता आणि कुठूनतरी मराठीचं इंग्रजी करून घेतलं होतं. मयूर कोण, त्याने संचातलं नेमकं काय केलंय आणि मी स्पर्धेच्या अर्जावर 'एक हात' असं लिहू शकते का, एवढंच त्याने विचारलं होतं. मी फोन ताटाशेजारी ठेवला आणि सगळ्यांना वाचून दाखवलं.

मयूरने पापड मोडला. "सिंपल आहे. दोन नावं टाकायची. माझं आधी."

"तुझं आधी?"

"डोळे मी केलेत, ताई."

मी बाबांकडे बघितलं. खरं सांगते, तेव्हाही मला वाटलं होतं की हा माणूस एकदा, एकदाच माझ्या बाजूने बोलेल. त्यांनी भात कालवला आणि म्हणाले, "त्यात इचारायचं काय? डोले त्यानं आखले, मूर्ती त्याची. तुझं नाव खाली टाक, मदत केली म्हणून. घराचंच नाव हाय ना?"

"त्या मूर्ती नाहीत, बाबा. मी घडवलेल्या बाया आहेत."

"डोले आखलेत ना? मग मूर्ती."

"नक्की?"

"शंभर टक्के."

"बरं," मी म्हटलं आणि ताटावरून उठले.

माळ्यावरून सातही जणींना ट्रेमध्ये घालून मी शेडमध्ये आले. थिनरचा मोठा डबा कोपऱ्यात होता, त्यातलं घमेलंभर ओतून घेतलं. मयूर मागोमाग आला, तोंडात अजून घास. "ए, काय करतेयस? ताई, पागल झालीस काय?"

बाबा दारात आले. मी पहिलीला उचललं आणि त्यांना दिसेल अशी धरली.

"बाबा, आखणी झालेल्या मूर्तीला तडा गेला, गिऱ्हाइकाने परत आणली, तर आपण काय करतो? फेकतो?"

उत्तर त्यांनीच आम्हाला लहानपणी शिकवलं होतं. कोरी मूर्ती फोडून पुन्हा वापरता येते, पण डोळे आखलेली मूर्ती टाकायची नाही आणि पुन्हा रंगवायचीही नाही. तिचं विसर्जन करायचं.

"विसर्जन करतो," मी म्हटलं आणि तिला घमेल्यात सोडलं.

वार्निश आधी पांढरं झालं, मग सुरकुतलं. निळे पट्टे धुरासारखे निघाले. एकेका केसाच्या ब्रशने ओढलेल्या माझ्या चौकड्या, माझा दीड महिना, सगळं माझ्या डोळ्यांदेखत ओघळलं, आणि मला इतकं रडू येत होतं की दात आवळून जबडा दुखायला लागला. मी रडले नाही. मयूरसमोर तर नाहीच. एकामागून एक सातही सोडल्या. डिंक सुटून ढाली गळून तळाला बसल्या आणि बायांचा कोरा धातू तेवढा उरला.

"माझे डोळे होते ते!" मयूर ओरडला. त्याचा आवाज खरंच चिरकला. त्याला खरंच दुखलं. मला बरं वाटलं.

"होते," मी म्हटलं. "गणपती बाप्पा मोरया म्हण आणि जेवायला जा."

ओवेनला मी खरं ते लिहिलं. त्याने दोन ओळींत उत्तर दिलं की या वर्षीचं प्रदर्शन हुकलं, खोकं दिवाळीनंतर काढू, तोवर पुन्हा रंगव आणि या वेळी फोटो तू सोडून कुणी काढू नये. त्याचा राग मला समजला. मयूरने फोटो काढून टाकला, पण माझ्याशी बोलणं सोडलं. बाबांनीही. जेवताना तिघंही भाताकडे बघायचो. आई वाढायची.

मग मी पुन्हा बसले, आणि या वेळी डोळे आधी. त्वचा नाही, केस नाहीत, कपडे नाहीत. करड्या अस्तरावर आधी फक्त डोळे. मोठे, उघडे, बुबुळ कोपऱ्यात सरकवलेलं, समोरच्या कुणाला तरी आता मारणार असे. उघड्यानागड्या धातूच्या सहा बाया माझ्याकडे डोळे वटारून बघत होत्या. पुढचे सगळे दिवस त्यांच्या नजरेखाली त्यांना कपडे घालायचे होते. मला ते आवडलं.

सातवी हातात घेतली तेव्हा आई चहा घेऊन वर आली. चहा ठेवून ती गेली नाही. पदराला हात पुसत उभी राहिली.

"काय?" मी विचारलं. तिच्याशी मी धड बोलत नव्हतेच.

"ही माझ्यासारखी दिसतंय."

मी अस्तर तपासायला तिला भिंगाखाली धरलं.

"मना हिचे डोले आखू दे," आई म्हणाली.

"नाही."

"एकच बाई. एवढी सहा तू केलीस."

"एका हाताचं काम आहे, आई. दुसऱ्याचा हात चालत नाही. आणि तुझा हात कापतो. तुझं काम नाही ते."

आई माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही, ओळखीचं माणूस अचानक रस्त्यात भेटावं तशी. "तुझा बाप असाच बोलतंय," ती म्हणाली. "शब्द पण तेच."

माझ्या कानशिलात मारली असती तर बरं झालं असतं. मला तिला सुनवायचं होतं, की किल्ली तू दिलीस, हे सगळं तुझ्यामुळे झालं, आता कुठल्या तोंडाने ब्रश मागतेस. सगळं ओठांवर होतं. पण त्याच्या आधी तिचं वाक्य येऊन बसलं होतं आणि ते हलेना.

मी खुर्चीवरून उठले. "बस," मी म्हटलं. "आणि बिघडली तर थिनरमध्ये घालीन, सांगून ठेवते."

"घाल," आई म्हणाली आणि बसली.

ब्रश तिने पोळी शेकायच्या चिमट्यासारखा धरला. श्वास रोखला. तिचा हात खरंच कापत होता. डावा डोळा बरा आला, उजवा दुप्पट मोठा झाला, बुबुळ वर चढलं, आणि ती बाई अशी दिसायला लागली की समोरून आलेला माणूस शस्त्र टाकून पळाला असता. माझ्या सहा जणी तिच्यापुढे मला आखीवरेखीव वाटल्या. हे कबूल करताना अजूनही माझ्या पोटात दुखतं.

"आता ही माझी," आई म्हणाली.

"आई, सात द्यायच्यात मला. संच आहे तो."

"डोले कुणी आखले?"

प्रफुल्लकडचा जास्तीचा नग आणून मला सातवी पुन्हा पहिल्यापासून करावी लागणार होती, परत वागळे इस्टेटला खेप, परत चौकड्या. मी चिडले, बडबडले. तिने ऐकून घेतलं, बाईला पदरात धरलं आणि जिना उतरली.

संध्याकाळी मी शेडमध्ये पाणी प्यायला आले तेव्हा बाबा हात मागे बांधून रांगेतून फिरत होते. ही कोणाची, मयूरची, ही कोणाची, मयूरची. शेवटी ते फळीपाशी थांबले. तिथे मयूरच्या ब्रशांच्या डब्याशेजारी ती उभी होती, बिनरंगाची, करडी, फक्त डोळे असलेली. बाबा वाकले. बराच वेळ बघत राहिले. मयूरनेही मान वर केली.

"ही कोणाची?" बाबांनी विचारलं.

मयूर माझ्याकडे बघत होता. आईची पाठ आमच्याकडे होती. ती पाय रोवून पिंपातला रंग ढवळत होती, आणि ढवळायची थांबली नाही.

"माझी," ती म्हणाली.